फाइलींच्या नावांची यादी: ठाण्यातल्या एका सोसायटीचं प्रकरण

सोसायटी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत, काही तपशील बदलले आहेत. कमांड, म्हणजे संगणकाला टाइप करून दिलेल्या सूचना, इथं देवनागरीत लिहिल्या आहेत. डीआयआर (फोल्डरमध्ये काय आहे त्याची यादी देणारी कमांड) म्हणजे डी, आय, आर ही तीन इंग्रजी अक्षरं. बाकीचंही तसंच वाचावं. प्रत्यक्ष टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच लागतात.

पार्श्वभूमी

पाचपाखाडी भागातली ही सोसायटी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. चार विंग, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, गच्चीवर पत्रे. पुनर्विकासाची चर्चा बरीच वर्षं नुसतीच चालू होती. शेवटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मधल्या कलम ७९अ खालच्या निर्देशांनुसार प्रक्रिया सुरू करायचं ठरलं, सल्लागार नेमला गेला, आणि त्यानं पहिल्याच पत्रात कागद मागितले. प्रत्येक सदनिकेचा करारनामा, इंडेक्स टू (करार नोंदणीचा सरकारी उतारा), मुद्रांक शुल्काची पावती, शेअर सर्टिफिकेटची प्रत, नॉमिनेशन, आणि मूळ सभासद हयात नसतील तर वारसांचे कागद. १० डिसेंबर १९८५ च्या आधीचे करार आणि नंतरचे करार मुद्रांक शुल्काच्या दृष्टीनं वेगळे धरावे लागतात, त्यामुळे कराराची तारीखही कळायला हवी होती.

कागद ऑफिसातल्या गोदरेजच्या कपाटात होते. ते स्कॅन करायचं काम स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सवाल्याला दिलं. त्याच्याकडे दोन मुलं. एकानं ए आणि बी विंग केली, फाइलींना मराठीत नावं दिली: आडनाव, फ्लॅट, कागदाचा प्रकार. दुसऱ्यानं सी आणि डी विंग केली, सगळी नावं इंग्रजीत, फ्लॅटचे आकडे मजला आणि घर अशा पद्धतीनं. दोघांपैकी कुणालाच कुणी काही सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे दोष तरी कुणाला देणार. विंगचा फोल्डर, त्यात फ्लॅटचा फोल्डर, त्यात पीडीएफ, अशी रचना मात्र दोघांनी सारखी ठेवली. ती ठेवली नसती तर पुढचं काम कितीतरी अवघड झालं असतं.

सगळ्या मिळून हजाराच्या आसपास फाइली सोसायटीच्या ऑफिसातल्या संगणकावर आल्या. विंडोज १०, एक्सेल २०१० सालचं. ऑफिसात संध्याकाळी एक मॅनेजर बसतात, अकाउंट्सचं काम बघणारी एक मुलगी आठवड्यातून दोनदा येते, आणि सचिव रोज येतात. सचिव बँकेतून निवृत्त झालेले; रजिस्टर, खतावणी, टाचण यांवर त्यांची नजर पक्की.

अडचण

सल्लागाराच्या दुसऱ्या मेलमध्ये एकच ओळ होती: सॉफ्ट कॉपीसोबत सर्व फाइलींची अनुक्रमणिका एक्सेलमध्ये द्यावी.

मॅनेजरनी टायपिंग सुरू केलं. एका बाजूला फोल्डर उघडा, दुसऱ्या बाजूला एक्सेल, नाव वाचायचं, टाइप करायचं, खालच्या ओळीवर यायचं. ए विंग संपायलाच आठवड्याभराच्या संध्याकाळी गेल्या. तेवढ्यात झेरॉक्सवाल्यानं ए विंगमधले काही पुसट निघालेले करार परत स्कॅन करून नव्या नावांनी पाठवले. जुन्या फाइली काढल्या, नव्या टाकल्या, आणि टाइप केलेली यादी चुकीची ठरली. कुठल्या ओळी बदलायच्या हे शोधायला पुन्हा सगळी ए विंग वाचणं आलं.

इथं मुद्दा वेळाचा वाटतो. माझ्या मते खरी अडचण निराळी होती. फोल्डर अजून हलतंय आणि यादी मात्र एकदाच बनणार, असं सगळे धरून चालले होते. पुढचे दोन-तीन महिने कागद येत राहणार होते; कुणाचा करार बँकेच्या लॉकरमध्ये, कुणाचा पुण्याच्या भावाकडे. म्हणजे हवी होती ती केव्हाही पुन्हा काढता येईल अशी यादी.

विचारात घेतलेले पर्याय

सचिवांचं म्हणणं होतं, टायपिंगच चालू ठेवा. "प्रत्येक कागद हाताखालून गेला पाहिजे, त्याशिवाय काय आहे नि काय नाही ते कळत नाही." ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. मॅनेजर टाइप करताना बऱ्याच फाइली उघडून बघत होते आणि शेरे मारत होते: पान दोन पुसट, शेवटची सही दिसत नाही. हे शेरे कुठल्याही कमांडला काढता येणार नाहीत.

फोल्डरचे स्क्रीनशॉट काढून छापायचे, असं एकानं सुचवलं. एक्सेल मागितलंय म्हटल्यावर तो विषय तिथंच संपला.

कॉपी ॲज पाथ हा पर्याय बरा होता. फोल्डरमधल्या सगळ्या फाइली निवडायच्या, शिफ्ट दाबून राइट क्लिक करायचं, आणि आलेल्या मेनूतून पूर्ण पत्ते कॉपी करायचे. विंडोज ११ मध्ये तर शिफ्टही लागत नाही. दहा-वीस फाइलींसाठी मी आजही हेच सांगतो. इथं प्रत्येक फ्लॅटचा वेगळा फोल्डर असल्यानं तेच काम फ्लॅटगणिक करावं लागलं असतं.

समितीतल्या एका सदस्यानं फोल्डर छापून देणारं फुकटचं सॉफ्टवेअर शोधून आणलं होतं. त्याला नकार दिला. ज्या संगणकावर शंभर कुटुंबांचे करार, पॅन आणि आधारच्या प्रती आहेत, त्यावर कुठून आलं ते माहीत नसलेलं सॉफ्टवेअर चढवायचं नाही, यावर सचिव आणि मी दोघंही ठाम होतो.

एक्सेलमधून थेट फोल्डर वाचण्याची सोय मला सगळ्यात आवडते. नाव, तारीख, फोल्डर, सगळं स्वतंत्र रकान्यात येतं आणि रिफ्रेश दाबलं की यादी ताजी होते. पण ती सोय एक्सेलमध्ये आपसूक मिळते २०१६ पासून. ऑफिसातल्या एक्सेलसाठी वेगळं जोडसॉफ्टवेअर बसवावं लागलं असतं, आणि नवीन काही बसवायचं नाही हे नुकतंच ठरलेलं.

उरली कमांड लाइन, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी. विंडोजमध्ये असतेच, इंटरनेट लागत नाही, पैसे लागत नाहीत. काळी खिडकी उघडल्यावर मॅनेजर जरा मागे सरकले, सचिव मात्र पुढे आले.

"अहो, हे तर आम्ही ब्रँचमध्ये वापरायचो. डीर स्लॅश डब्ल्यू!"

"काका, तुम्ही डब्ल्यू म्हणताय, इथं बी लागेल," अकाउंट्सवाली मुलगी म्हणाली. तिनं कॉलेजात थोडंफार केलेलं होतं.

सचिव म्हणत होते ती डीर म्हणजे डीआयआरच, डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीतली; /डब्ल्यू दिला की नावं शेजारी शेजारी रकान्यांत येतात. डॉस १९८१ सालचा. > हे चिन्ह वापरून कमांडचं उत्तर पडद्याऐवजी फाइलीत वळवण्याची सोय त्यात १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली, आणि नुसती नावं देणारा /बी १९९१ च्या पाचव्या आवृत्तीत. सचिवांना /बी भेटला नसेल तो बहुधा त्यामुळेच; शाखेतला संगणक त्याआधीचा असणार.

काय केलं

फोल्डर उघडलं, वरच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी टाइप करून एंटर मारलं. त्याच फोल्डरवर उभी असलेली काळी खिडकी उघडते, म्हणजे सीडी (फोल्डर बदलण्याची कमांड) करत करत आत जायचा त्रास वाचतो. मग:

डीआयआर /बी > यादी.टीएक्सटी

यादी निघाली पाच ओळींची. चार विंगांचे चार फोल्डर, आणि पाचवी ओळ यादी.टीएक्सटी. मॅनेजरनी विचारलं, "ही स्वतःलाच कशी मोजतेय?" कारण सरळ आहे. > दिसताच विंडोज आधी रिकामी फाइल तयार करतं आणि मग कमांड चालवतं. डीआयआर फोल्डर बघायला येतो तोवर ती फाइल तिथं हजर असते. म्हणून यादी ज्या फोल्डरची काढायची त्याच्या बाहेर ठेवायची. डी ड्राइव्हवर याद्या नावाचा वेगळा फोल्डर केला आणि कमांड वाढवली:

डीआयआर डी:\कागद /एस /बी /ए-डी > डी:\याद्या\नावं.टीएक्सटी

/एस म्हणजे आतले सगळे फोल्डरही बघ. तो /बी बरोबर आला की नुसतं नाव येत नाही, ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता येतो, आणि इथं तेच हवं होतं, कारण विंग आणि फ्लॅट फोल्डरच्या नावातच होते. /ए-डी म्हणजे फोल्डर वगळ, फक्त फाइली दे.

आता हजारावर ओळी आल्या. नोटपॅडमध्ये वरून खाली बघत गेलो. सी आणि डी विंग ठीक होती. ए आणि बी विंगच्या ओळी अशा:

डी:\कागद\????\?-102\?????_?-102_????????.पीडीएफ

मॅनेजरांचा चेहरा उतरला. "फाइली खराब झाल्या का?" फाइलींना काहीही झालेलं नव्हतं. डीआयआर फक्त नावं वाचतो, फाइलीला हात लावत नाही. घोळ होता तो लिहिण्यात. काळी खिडकी मजकूर बाहेर टाकताना अजूनही जुन्या पद्धतीची अक्षरसूची वापरते, तीत देवनागरी नाहीच, आणि जे अक्षर बसत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह पडतं. एकदा प्रश्नचिन्ह पडलं की त्या टेक्स्ट फाइलीतून मूळ अक्षर परत मिळत नाही. फॉण्ट बदलून उपयोग नाही, यादीच नव्यानं काढावी लागते. त्याआधी त्याच खिडकीत:

सीएचसीपी ६५००१

याचा अर्थ यापुढे युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीनं लिही. मग तीच कमांड पुन्हा दिली. नोटपॅडमध्ये जोशी, करारनामा, नॉमिनेशन सगळं नीट दिसलं. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हीच नावं काळ्या खिडकीत पाहिली तर नुसते चौकोन दिसू शकतात, कारण त्या खिडकीच्या फॉण्टमध्ये देवनागरी नसते. फाइलीत काय उतरलं ते नोटपॅडमध्येच बघायचं.

ओळी मोजल्या, तर फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसणाऱ्या फाइलींपेक्षा यादी थोडी लांब निघाली. जास्तीच्या ओळी थम्ब्स.डीबी आणि डेस्कटॉप.आयएनआय यांच्या. या विंडोजच्या स्वतःच्या लपवलेल्या फाइली. साधा डीआयआर त्या दाखवत नाही, पण /ए-डी दिलं की फोल्डर नसलेलं सगळंच येतं, लपलेलंही. /ए-डी-एच केल्यावर त्या गेल्या. ओळी मोजायला:

फाइंड /सी /व्ही "" डी:\याद्या\नावं.टीएक्सटी

आता उलटंच झालं, यादी आखूड निघाली. आधी जास्तीच्या फाइलींमुळे ही तूट झाकली गेली होती. डी विंगमध्ये एका फ्लॅटच्या फोल्डरला त्या मुलानं नाव म्हणून पूर्ण वाक्यच दिलं होतं, वारसाहक्काच्या सगळ्या हकिकतीसह, आणि आत आणखी एक तसाच फोल्डर. विंडोजमध्ये पत्त्याची लांबी साधारण २६० अक्षरांच्या मर्यादेत असावी लागते; त्यापुढं डीआयआर अडतो आणि नाव फार लांब असल्याची सूचना देतो. ती सूचना पडद्यावर येते, > मधून फाइलीत जात नाही. खिडकी बंद केली की कुणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून अशा सूचना वेगळ्या फाइलीत उतराव्यात यासाठी पुढे कमांडच्या शेवटी हे जोडलं:

२> डी:\याद्या\चुका.टीएक्सटी

दोन आणि चिन्हाच्या मध्ये जागा नाही, दोनच्या आधी मात्र हवी. चुका.टीएक्सटी रिकामी निघाली तरच यादी धरायची, असा नियम केला. फोल्डरचं नाव छोटं केलं आणि तूट भरून निघाली.

मग एक्सेल. टेक्स्ट फाइल डबल क्लिक करून किंवा ओढून एक्सेलमध्ये टाकली तर जुनं एक्सेल यूटीएफ-८ ओळखत नाही, देवनागरीच्या जागी युरोपातल्या मात्रा लावलेल्या अक्षरांची रांग येते. डेटा मेनूतून फ्रॉम टेक्स्ट घेतलं, फाइलीचा प्रकार ६५००१ यूटीएफ-८ निवडला, विभाजक म्हणून उलटी तिरकी रेघ दिली. विंग, फ्लॅट, फाइल असे रकाने एका फटक्यात पडले.

सी विंगच्या रकान्यात बघतो तर फ्लॅटच्या जागी तारखा. तिसऱ्या मजल्यावरचं चौथं घर त्या मुलानं 3-4 असं लिहिलं होतं, आणि एक्सेलनं त्याचा तीन एप्रिल केला होता. चौथा मजला, दुसरं घर म्हणजे चार फेब्रुवारी. अख्खी विंग कॅलेंडर झाली होती! सेलचा फॉरमॅट नंतर टेक्स्ट केला तर त्यात पाच आकडी संख्या उरते, मूळ 3-4 परत येत नाही. आयातीच्या शेवटच्या पायरीवर प्रत्येक रकान्याला टेक्स्ट असं आधीच सांगावं लागतं. तसं करून पुन्हा आयात केली.

निर्णय: यादी कुणाला द्यायची

एक्सेल तयार झाल्याबरोबर खजिनदार म्हणाले, "ग्रुपवर टाका ना, प्रत्येकजण आपापलं बघून घेईल." सूचना वावगी नव्हती. कुणाचं काय राहिलंय हे सभासदांनीच तपासलं तर काम निम्मं होतं.

मुलीनं स्क्रोल करता करता थांबून एक ओळ दाखवली. "काका, हे बघा." फाइलीच्या नावातच सभासदाचा पॅन क्रमांक होता. खाली आणखी होत्या: मोबाइल नंबर, एका ठिकाणी मृत्यू दाखला आणि त्यापुढं दुसऱ्या पत्नीचं नाव, एका ठिकाणी कंसात "भावांचा वाद, मूळ प्रत नाही". स्कॅन करणाऱ्यानं स्वतःच्या सोयीसाठी लिहिलं असेल, पण आता ते शंभर घरांच्या व्हॉट्सॲपवर जायच्या बेतात होतं.

आपण समजतो की नावांची यादी म्हणजे निरुपद्रवी गोष्ट, आतला कागद थोडाच दिला. पण कपाटाच्या बाहेर चिकटवलेली चिठ्ठी वाचायला किल्ली लागत नाही. आणि पूर्ण पत्त्याची यादी तर संगणकावरच्या फोल्डरांचीही नावं उघड करते.

दोन मार्ग होते. यादीतली अशी नावं हातानं झाकायची, किंवा फाइलींचीच नावं सुधारायची. पहिलं लवकर होणारं, पण पुढच्या वेळी यादी काढली की पॅन पुन्हा हजर. सचिवांनी दुसरं निवडलं, आणि तोवर यादी ऑफिसाबाहेर जाणार नाही असं सांगितलं. सल्लागाराला दोन दिवस थांबायला सांगितलं. फाइलींची नावं बदलली, यादी परत काढली. सभासदांसाठी त्यातून वेगळी, तीनच रकान्यांची प्रत केली: विंग, फ्लॅट, कागदाचा प्रकार. आडनावही नाही. सूचनाफलकावर तीच लागली.

दुसरी यादी का काढली

हे ठरवलेलं नव्हतं, ओघात झालं. मुलीनं सहज /बी गाळून कमांड चालवली. तेव्हा नावाबरोबर तारीख, वेळ आणि बाइटमधला आकार येतो. आकाराच्या रकान्यात तिला काही ठिकाणी शून्य दिसलं. नाव आहे, पीडीएफ आहे, आत काही नाही. स्कॅनर मध्येच बंद पडला असावा किंवा पेन ड्राइव्ह घाईनं काढला असावा. नावांच्या यादीत या फाइली अगदी व्यवस्थित बसल्या होत्या.

मग आकारांकडे नीट बघितलं. डी विंगमधल्या दोन वेगवेगळ्या फ्लॅटच्या करारांचा आकार शेवटच्या बाइटपर्यंत सारखा होता. दोन निरनिराळ्या करारांचं स्कॅन इतकं तंतोतंत सारखं निघणं जवळजवळ अशक्य. एफसी /बी ही दोन फाइली बाइटनिशी ताडून बघणारी कमांड चालवली; फरक शून्य. एकच करार दोन नावांनी ठेवला गेला होता, म्हणजे एका फ्लॅटचा करार स्कॅन झालेलाच नव्हता. सचिवांनी दोन्ही उघडून खात्री केली आणि मॅनेजरांकडे बघून म्हणाले, "म्हणून म्हणत होतो, हाताखालून गेलं पाहिजे."

त्यांचं बरोबर होतं, आणि पूर्ण बरोबर नव्हतंही. ए विंगची टाइप केलेली यादी कमांडच्या यादीशी ताडली तेव्हा टाइप केलेल्या यादीत काही फाइली गळलेल्या आणि एक ओळ दोनदा आलेली सापडली. पण "पान दोन पुसट" हे शेरे फक्त तिच्यातच होते. शेवटी यंत्राच्या यादीला शेरा नावाचा चौथा रकाना जोडला आणि टाइप केलेल्या यादीतले शेरे त्यात उतरवले. बाकीच्या तीन विंगांच्या फाइली मॅनेजरनी उघडून बघितल्या, पण नावं टाइप करण्यात एक मिनिट घालवलं नाही.

निष्पत्ती

तीन ओळींची एक बॅच फाइल (लिहिलेल्या कमांड एकामागून एक चालवणारी फाइल) करून डेस्कटॉपवर ठेवली: आधी सीएचसीपी, मग नावांची यादी, मग आकारांसहित यादी. डबल क्लिक केलं की दोन्ही याद्या नव्यानं निघतात. पहिल्या आठवड्यात मॅनेजरनी त्यात > ऐवजी >> केलं होतं, जुनी यादी पुसली जाऊ नये म्हणून. >> जुन्या मजकुराखाली नवा जोडतं, त्यामुळे प्रत्येक फाइल दोनदा दिसायला लागली. जुनी प्रत ठेवायचीच असेल तर आधी तिच्या नावात तारीख घालून बाजूला ठेवायची, असं ठरलं. सल्लागारानं जुन्या आणि नव्या यादीतला फरक विचारला तेव्हा ती सवय कामाला आली.

सल्लागाराकडून आठवड्याभरात उत्तर आलं, त्यात कुठल्या फ्लॅटचं काय नाही एवढंच होतं. झेरॉक्सवाल्यानं शून्य बाइटच्या फाइली परत करून दिल्या, पैसे न घेता. काही फ्लॅटचे मूळ करार कर्जापोटी बँकेत आहेत; तिथं शेरा तसाच उभा आहे आणि बँकेची पत्रं यायची आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, कपाट उघडण्यापूर्वी नावांचा नियम लिहून द्यायला हवा होता. आता समितीनं पुढच्या स्कॅनिंगसाठी अर्ध्या पानाचा कागद केला आहे. विंग, तीन आकडी फ्लॅट क्रमांक, कागदाचा ठरलेला प्रकार, कराराची तारीख वर्षापासून सुरू करून; बाकी काही नाही. तीन आकडे का, तर डीआयआरच्या यादीत १ नंतर १० येतो, मग ११, आणि २ त्याच्याही नंतर. फोल्डरच्या खिडकीत हे जाणवत नाही, कारण तिथं विंडोज आकडे आकड्यांसारखे लावतं. ००१, ००२ लिहिलं की दोन्हीकडे क्रम सारखा राहतो.

मराठी नावं ठेवावीत की नाही, यावर समितीत दोन मतं पडली. ठेवावीत असं माझं मत, कारण कागद शोधणारे लोक मराठीत शोधतात, आणि सीएचसीपीची एक ओळ लिहिली की अडचण उरत नाही. पण एकच पद्धत हवी. ए विंगमध्ये काही फोल्डर ए-102 होते, काही ए-१०२. माणसाला दोन्ही सारखे, शोधणाऱ्या एक्सेलला दोन निराळे फ्लॅट. आकडे सगळीकडे इंग्रजी आणि शब्द मराठी, यावर शेवटी तडजोड झाली.

दुसरं, आकाराची यादी पहिल्याच दिवशी काढायला हवी होती, झेरॉक्सवाला हार्ड डिस्क घेऊन समोर उभा असताना. ओळी किती, शून्य बाइटच्या किती, एवढं बघायला चहा येईपर्यंतचा वेळ पुरतो, आणि बिल देण्याआधी दाखवलेली चूक लवकर दुरुस्त होते. त्याच्या पेन ड्राइव्हवरच कमांड चालवायची असेल तर शेवटी नावांनुसार क्रम लावणारं /ओ:एन द्यावं, नाहीतर पेन ड्राइव्हच्या फाइल पद्धतीमुळे नावं लागतील त्या क्रमानं येतात.

तिसरं, ए विंगचं टायपिंग. ते चालू असताना कुणीतरी मध्येच विचारायला हवं होतं की फोल्डर बदललं तर या यादीचं काय करणार. झेरॉक्सवाल्याची दुसरी खेप येईपर्यंत तो प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही, आणि तोवर मॅनेजरांच्या त्या संध्याकाळी गेलेल्या होत्या. बॅच फाइल चालवायला आता मुलगी नसली तरी चालतं. परवाची यादी सचिवांनी स्वतः काढली, चुका.टीएक्सटी उघडून रिकामी असल्याचं बघितलं, आणि ओळींची संख्या नेहमीप्रमाणे रजिस्टरमध्ये पेनानं लिहिली.